गाण्याचा पहारा

शुक्रवारी सकाळी सहा वाजता सोनाजीकाकांनी कुरुंद्याच्या मारुतीसमोर चौरंग मांडला. चौरंगावर धुतलेलं उपरणं अंथरलं, उपरण्यावर आपला फोन ठेवला, त्याला चार्जरची आणि भोंग्याची अशा दोन वायरी जोडल्या आणि प्रतिक्षाचं गाणं लावलं. मग खिशातून वही काढून त्यांनी पहिल्या पहाऱ्याची नावं वाचली.

गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा जमिनीला टेकवत नाहीत. दर तासाला माणूस बदलतो, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या एका तासाला पहारा म्हणतात. सोनाजीकाका बावीस वर्षं पहाऱ्याची यादी करत आले होते, आणि बावीस वर्षांत वीणा एकदाही खाली आली नव्हती. या वेळी वीणेच्या जागी फोन होता, एवढाच फरक.

याचं कारण प्रतिक्षानेच दिलं होतं. प्रतिक्षा सव्वीस वर्षांची. वसमतला हळद तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. शनिवार-रविवार गावी यायची. तिच्या मोठीमायकडून, म्हणजे चुलत्याच्या बायकोकडून, द्वारकाबाईंकडून, तिने हळद शिजवतानाचं एक गाणं उचललं होतं. द्वारकाबाईंनी ते डोंगरकड्याहून, माहेरून आणलेलं. डिसेंबरात नांदेडच्या एका स्टुडिओत प्रतिक्षाने ते गायलं. स्टुडिओ चालवणाऱ्या चिन्मयने खाली नुसती ढोलकी आणि पेटी ठेवली, आणि जानेवारीत गाणं फोनवर ऐकायला मिळू लागलं.

मराठी गाण्यांची एक साप्ताहिक यादी निघते. शुक्रवार ते गुरुवार कुठलं गाणं किती ऐकलं गेलं, त्यावरून पहिली शंभर गाणी लावतात. प्रतिक्षाचं गाणं हळूहळू सत्तेचाळीसपर्यंत आलं होतं. चिन्मय म्हणाला होता, "पहिल्या चाळिसात आलं तर पुढची चार गाणी मी करतो. तुझ्या मोठीमायची जी असतील ती. नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला पुढे कुणाला दाखवायला काही राहत नाही. आणि हा शेवटचाच आठवडा समज. दहा आठवडे झाले की यादीवाले त्या गाण्याचे आकडे निम्मे धरतात. नवीन गाण्यांना जागा मिळावी म्हणून."

द्वारकाबाईंकडे अशी अकरा-बारा गाणी होती. प्रतिक्षाला त्यातलं एकच पूर्ण येत होतं. बाकीची नीट शिकावीत आणि गावीत, याखेरीज गेल्या वर्षभरात तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

बुधवारी ती रजा घेऊन गावी आली आणि मंदिरात बसलेल्यांना म्हणाली, "शुक्रवार ते गुरुवार गाणं जितकं जास्त वाजेल तितकं चांगलं."

"शुक्रवार ते गुरुवार," सोनाजीकाका बोटं मोजत म्हणाले. "सात दिवस. मंग सप्ताहच की गं हा."

गुरुवारी ती वसमतला परतली, तोवर वहीत एकशे अडुसष्ट तासांची नावं भरली होती.

*

गाणं फुकटच्या खात्यावर वाजत होतं, म्हणून मध्ये मध्ये जाहिराती लागत. पहिल्याच दिवशी मारुतीसमोर गादीची जाहिरात झाली, मग कर्जाची, मग केसांच्या तेलाची. सोनाजीकाकांनी त्यावर तोड काढली. जाहिरात सुरू झाली की पहारेकऱ्याने टाळ घ्यायचे आणि गाणं परत लागेपर्यंत वाजवायचे, म्हणजे खंड पडत नाही. रात्री दहाला भोंगा बंद करून फोनच्या आवाजावर गाणं चालू ठेवायचं. हळद शिजवायचे दिवस होते, माणसं थकून यायची, तरी पहारा चुकला नाही. शनिवारी वसराम तापाने फणफणला होता, तर त्याची बायको भिकाबाई त्याच्या जागी येऊन बसली.

शनिवार-रविवार प्रतिक्षा गावीच होती. गल्लीत, पाण्याच्या टाकीजवळ, दळणाच्या गिरणीत, जिथे जावं तिथे तिचाच आवाज यायचा. रविवारी दुपारपर्यंत तिला तो स्वतःचा वाटेनासा झाला. तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. आकडे दोन दिवस उशिरा दिसतात, म्हणून ते पाहायची घाई तिने केली नाही.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत तिने आकडे उघडले. वसमत तालुक्याच्या पुढे शुक्रवार आणि शनिवार मिळून एकवीस होते. एकवीस हजार असतील असं समजून तिने पडदा बोटांनी मोठा केला. एकवीसच होते. त्यातले वीस एकाच खात्याचे.

तिने यादीचे नियम काढले. चिन्मयने ते तिला जानेवारीतच पाठवले होते, आणि हळदीच्या नमुन्यातला ओलावा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या मुलीने ते पाच पानांचे नियम वाचले नव्हते. तिने आता सावकाश वाचले. तीस सेकंदांच्या आत बंद केलेलं गाणं धरत नाहीत. आवाज शून्यावर ठेवून वाजवलेलं धरत नाहीत. पैसे भरलेल्या खात्यावरचं शंभरदा वाजलं की एक गुण, फुकटच्या खात्यावरचं सहाशेदा वाजलं की एक गुण. आणि एका खात्यावरून एका दिवसात एक गाणं दहापेक्षा जास्त वेळा वाजलं, तर अकराव्यापासून मोजत नाहीत.

इनबॉक्समध्ये सगळ्यात वर यादीवाल्यांची आजचीच मेल होती. एका खात्यावरून तुमचं गाणं अखंड वाजत आहे, ही ऐकण्याची स्वाभाविक पद्धत वाटत नाही, उद्या दुपारी बारानंतरही हे चालू राहिलं तर गाण्याचे या आठवड्याचे सगळे आकडे वगळण्यात येतील.

तिने मेल दोनदा वाचली. मग साहेबांना सांगून स्कूटी काढली.

*

ती मंदिरात पोचली तेव्हा पाचचा पहारा लागला होता. चौरंगापुढे द्वारकाबाई बसल्या होत्या. हातांना हळदीचा रंग, पदर डोक्यावर, मांडीवर टाळ. मागे वसराम खांबाला टेकलेला. ताप उतरला होता. सोनाजीकाका वहीत काहीतरी लिहीत होते.

भोंग्यातून तिचा आवाज येत होता:

पहिला फेस आला बाई, काढू नका जाळ,
दुसरा फेस आला बाई, उठवा गं बाळ,
तिसऱ्या फेसाला गं माझी हळद झाली पिवळी,
वास गेला माहेराला, माय आली जवळी.

"इथं," द्वारकाबाई तिला पाहताच म्हणाल्या. "ह्या इथं तू दम घेतीस. तिसऱ्या फेसाला गं माझी हळद, आन् थांबतीस. थांबायचं न्हाई तिथं. फेस काय तुझ्यासाठी थांबतो काय? तिसरी आन् चौथी ओळ एका दमात न्यायची."

"सर्दी झाली होती मला त्या दिवशी, मोठीमाय."

"मंग नांदेडाला जाऊन सर्दी गाऊन आलीस तू. चार दिवस ऐकून राहिले मी. दर वेळी वाटतं, आता तरी न थांबता जाईल."

वसराम हसला. प्रतिक्षाही हसली, आणि मग सोनाजीकाकांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, किती झालं तुमच्या हिशेबानं?"

काकांनी वही तिच्यापुढे धरली. "जाहिराती सोडून दिवसाला तीनशे तीस येळा वाजतं. ऐकणारी साठ माणसं तरी धर. वीस हजार रोजचं. चार दिवसाचं ऐंशी हजार. कमीच धरलंय मी, शेतात आवाज जातो ते धरलं न्हाई."

"त्यांनी चाळीस धरलेत."

"चाळीस हजार? निम्मं काहून?"

"चाळीस, काका. दोन विसा."

सोनाजीकाकांनी चष्मा काढला. तिने त्यांना नियम सांगितला, एका फोनचे दिवसाला दहा. सांगताना तिने आवाज खाली ठेवला, पण मंदिरात आवाज खाली ठेवून उपयोग नसतो. द्वारकाबाई वळून ऐकू लागल्या.

"आन् ही साठ माणसं?" काका म्हणाले. "ती कुठं गेली?"

"त्यांना फोन दिसतो. फोनसमोर कोण बसलंय ते दिसत न्हाई."

"मारुतीला दिसतंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंग मारुतीलाच म्हणा यादी करायला," वसराम म्हणाला.

सोनाजीकाका हसले नाहीत. "दहाच काहून पण? अकरावं काय वाईट वाजतं?"

"एकाच माणसानं दिवसभर लावून ठेवून गाणं वर ढकलू नये म्हणून."

भोंग्यातलं गाणं संपून परत सुरू झालं. "बराबर हाय त्यांचं," ते शेवटी म्हणाले. "आमी तेच करून राहिलो की. ढकलूनच राहिलो." मग जरा थांबून म्हणाले, "पण आमी एकटे न्हाई ना. तेवढं त्यांला कळाया पायजे होतं."

पोत्यात नळी खुपसून काढलेल्या मूठभर हळदीवरून प्रतिक्षा सबंध पोत्याबद्दल लिहीत असे. मोजायचं तर काहीतरी धरावं लागतं आणि काहीतरी सोडावं लागतं, हे तिला माहीत होतं. साठ माणसं सुटलेल्या बाजूला होती, आणि त्यांच्यात बसून हे बोलणं जड जात होतं.

"काका, अजून एक हाय," ती म्हणाली. "हे उद्या दुपारपर्यंत बंद करावं लागंल. न्हाईतर बाकी लोकांनी ऐकलेलंसुद्धा काढून टाकणार हायेत."

"बंद?"

"व्हय."

"आज चौथा दिवस हाय, पोरी." काकांनी वही मिटली. "सात म्हणून बसलो आपण. मधीच खाली ठेवायचं?"

तिला जे हवं होतं ते तिने सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. खांबाजवळून वसराम म्हणाला, "पोरीचं नुकसान व्हायला नको, सोनाजी."

तेवढ्यात गादीची जाहिरात लागली. द्वारकाबाईंनी सवयीने टाळ उचलले, दोनदा वाजवले, आणि मग ते परत मांडीवर ठेवले.

"फोन बंद कर की," त्या काकांना म्हणाल्या. "फोन बंद केला म्हणून तोंड बंद होतंय का कुणाचं? वीणा तरी कुठं आपोआप वाजती. आमी म्हणतो. तासाला दोघी-दोघी बसू."

"गुरुवारपर्यंत?"

"तुझ्या वहीत बायांची नावं हायेतच. तीच बसतील."

सोनाजीकाकांनी उठून भोंग्याची वायर आधी काढली आणि नंतर फोनवरचं गाणं थांबवलं. ते थांबण्याआधीच द्वारकाबाईंनी पहिली ओळ उचलली होती, त्यामुळे खंड पडला असं कुणाला म्हणता आलं नसतं.

*

त्या संध्याकाळी प्रतिक्षा घरोघर गेली. मदतीला वहीसुद्धा घेतली. प्रत्येक फोनवर रोज दहा वेळा, पूर्ण, आवाज चालू ठेवून, आणि खरंच ऐकायचं, असं तिने सांगितलं. "खरंच ऐकायचं" हे नियमात नव्हतं, ते तिने स्वतःच्या समाधानासाठी जोडलं. भिकाबाई म्हणाली, "दहा म्हणजे अर्ध्या तासाच्या वर जातं बाई. गव्हाचं दळण निवडता निवडता ऐकते." गावात दोनशे ऐंशी फोन निघाले. तीन दिवसांचे आठ हजार चारशे. म्हणजे चौदा गुण. गेल्या आठवड्यात चाळिसाव्या गाण्याचे तीनशे दहा गुण होते आणि तिचे दोनशे बासष्ट. अठ्ठेचाळीसचा फरक होता. चौदाने तो भरत नव्हता. बाहेरचे लोक काय करतात यावर बाकीचं होतं.

मंगळवार ते गुरुवार ती वसमतलाच होती. तिकडे मंदिरात तासाला दोघी बसत होत्या. ज्यांना गाणं येत नाही असं वाटत होतं त्यांनाही ते येत होतं, कारण चार दिवस त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. गुरुवारी रात्री बाराला यादीचा आठवडा संपला. सोनाजीकाकांनी पहारा मात्र शुक्रवारी पहाटे सहापर्यंत नेला, कारण बसला होता सहाला.

यादी शुक्रवारी दुपारी आली. चाळिसावं गाणं तीनशे सहा गुणांवर होतं. तिचं एक्केचाळिसावं होतं, तीनशे तीनवर.

चिन्मयचा फोन आला. "तीनने गेलं गं," तो म्हणाला. "मला खरंच वाईट वाटतंय. पण सोमवारी मी पैसे घालणाऱ्या लोकांना काय सांगू? एक्केचाळीस हा आकडा कुणी ऐकून घेत नाही."

"कळतं मला," प्रतिक्षा म्हणाली. "तू आधीच सांगितलं होतंस."

यादी लागली की आठवड्याचे सगळे आकडे लगेच खुले होतात; फोन ठेवल्यावर तिने वसमत तालुक्याचे काढले. मंगळवार ते गुरुवार सात हजार आठशे. तेरा गुण. गावाने सांगितल्यासारखं केलं होतं; भिकाबाईने दळण निवडता निवडता दहा वेळा ऐकलं होतं. तिने एका जुन्या अहवालाच्या पाठीमागे भागाकार केला. तीन दिवसांत तेरा, तर आधीच्या चार दिवसांत सतरा. कमी पडले तीन. पहिल्या दिवसापासून फोन घराघरांत वाजला असता तर गाणं वर गेलं असतं. जानेवारीत पाच पानं वाचली असती तरी गेलं असतं. तिने तो कागद चौघडी घालून पर्समध्ये ठेवला.

शनिवारी ती गावी आली तेव्हा सोनाजीकाका पाटावर बसून तिच्या वडिलांबरोबर चहा पीत होते. यादीचं त्यांना कळलं होतं.

"तीनच," ते म्हणाले. "तीन म्हणजे किती येळा ऐकणं होतं?"

"अठराशे. फुकटच्या खात्यावर."

काकांनी बशी खाली ठेवली. ते हिशेबी माणूस होते, एकशे अडुसष्ट तास वहीत बसवणारे, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर भागाकार सुरू झालेला पाहत होती. "पोरी, खरं सांग," ते म्हणाले. "ते चार दिवस आमी मंदिरात बसलो, त्याच्यामुळं तर न्हाई ना कमी पडलं? तसं असंल तर तसं सांग."

तिच्या पर्समध्ये कागद होता. नोकरीत तिने आजवर एकही आकडा वर-खाली केला नव्हता. व्यापाऱ्यांनी सुचवूनही नाही.

"न्हाई, काका," ती म्हणाली. "पुण्यामुंबईकडून कमी आलं ह्या वेळेस. गावातून जेवढं यायला पायजे तेवढं बराबर आलं. नियम मीच आधी वाचायला पायजे होते."

"मंग ठीक," सोनाजीकाका म्हणाले, आणि त्यांनी बशी परत उचलली. त्यांना ते पटलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

पुढच्या रविवारी द्वारकाबाईंच्या शेतात हळद शिजवायला लावली होती. प्रतिक्षा डबा घेऊन बांधावरून चालली होती. कढईच्या बाजूला अकरा बायका उकडायच्या आधीची हळकुंडं गड्ड्यांपासून वेगळी करत बसल्या होत्या. वाफेच्या आड होत्या, त्यांना ती दिसली नाही.

त्या गाणं म्हणत होत्या. मंदिरातल्यासारखं नाही, कामाला लावून म्हणतात तसं, बोलत आणि मधूनच ओळ उचलत. पहिला फेस आला, दुसरा फेस आला. तिसऱ्या ओळीला सगळ्या बायका एकदम आल्या.

तिसऱ्या फेसाला गं माझी हळद,

आणि थांबल्या. अकराच्या अकरा. एक श्वास घेतला आणि मग पुढे गेल्या: झाली पिवळी.

प्रतिक्षा बांधावर उभी राहिली. आपण चुकीचं ऐकलं असेल असं वाटून ती दुसऱ्या फेरीची वाट पाहत थांबली. दुसऱ्या फेरीलाही त्या तिथेच थांबल्या. डिसेंबरात तिचं नाक बंद होतं म्हणून पडलेली ती जागा. त्याच्या आधी हे गाणं डोंगरकड्यात किंवा कुरुंद्यात कुणीही तसं म्हटलेलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला तिने फक्त द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्याही थांबल्या.

ती खाली उतरली. डबा झाडाखाली ठेवून ती त्यांच्याशेजारी बसली आणि समोरचा गड्डा उचलून हळकुंडं मोडू लागली.

"आलीस?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुझ्या यादीचं ऐकलं मी. सोनाजी सांगत होता."

"व्हय. न्हाई जमलं."

"तो नांदेडचा पोरगा काय म्हणतो?"

"न्हाई म्हणतो."

द्वारकाबाईंनी मान हलवली. बराच वेळ हात चालू राहिले. मग त्या म्हणाल्या, "आन् एक सांगते तुला. पन्नास वर्सं झाली मी हे एका दमात म्हणून राहिले. आता परवापासून मी बी तिथं थांबायला लागले. ह्या सगळ्या थांबत्यात, मंग माझं एकटीचं पुढं जातं आन् वाईट दिसतं. सगळी तुझ्या सर्दीची करामत."

"ऐकलं मी आता."

"ऐकलंस तर हसतीस काहून?"

"हसत न्हाई."

कढईत दुसरा फेस चढत होता. निलम नावाची सून जाळ बघायला उठली. प्रतिक्षाने मोडलेली हळकुंडं टोपलीत टाकली आणि नवा गड्डा घेतला.

"मोठीमाय," ती म्हणाली, "ते दुसरं सांग ना. पायलीचं. जे मला अर्धंच येतं."

"आत्ता?"

"आत्ता. आज मला सर्दी न्हाई."